शब्दचर्चा : अंगुस्तानावरची ‘मोहोर’ आणि ‘खूण’

विचारणा

एका लहान खासगी संग्रहाची मराठी सूची तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. संग्रहात इंग्लंडमधील शिवणकामाची जुनी साधने असून त्यांत चांदीची काही अंगुस्तानेही (शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या टोप्या) आहेत. त्यांपैकी एकाच्या काठावर ओळीने चार बारीक ठसे आहेत : ‘एच जी अँड एस’ ही अक्षरे, जहाजाचा नांगर, चालता सिंह आणि लहान लिपीतील ‘के’. शेजारी ७ हा आकडाही आहे. मूळ इंग्रजी टिपणात या साऱ्याला ‘हॉलमार्क’ म्हटले असून पुढे मेकर्स मार्क, टाउन मार्क, स्टँडर्ड मार्क आणि डेट लेटर असे पोटभेद केले आहेत. मी अनुक्रमे निर्मात्याचा शिक्का, शहराचा शिक्का, दर्जाचा शिक्का आणि तारखेचे अक्षर असे शब्द योजले. परंतु सगळीकडे ‘शिक्का’ लिहिल्यावर कोणता ठसा काय सांगतो हेच वाचकाला कळेनासे झाले आहे. शिवाय ‘अंगुस्तान’ लिहावे की ‘अंगुस्थान’, याबद्दलही आमच्यात मतभेद आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तो लवकर सुटण्यासारखा आहे. ‘अंगुस्तान’ हेच रूप योग्य होय. मूळ फारसी ‘अंगुश्ताना’ असून ‘अंगुश्त’ म्हणजे बोट. ‘स्थान’ हा शब्द त्यात कोणीतरी मागाहून पाहिला आणि ‘बोटाचे स्थान’ अशी संस्कृत वाटणारी व्युत्पत्ती बसवून ‘थ’ घुसवला. गंमत अशी, की फारसी ‘अंगुश्त’ आणि संस्कृत ‘अंगुष्ठ’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. मात्र एकीकडे त्याचा अर्थ बोट राहिला, तर दुसरीकडे अंगठा. इंग्रजी ‘थिंबल’ हा शब्दही अंगठ्याच्या ‘थंब’पासूनच निघाला आहे, आणि ते घालतात मात्र मधल्या बोटात. आपली ‘अंगठी’ तरी अंगठ्यात कोण घालते? जर्मन माणसाने सरळ ‘बोटाची टोपी’ असा शब्द केला आणि तो मोकळा झाला.

आता ‘नांगर’. सूचीत नुसते ‘नांगराचे चिन्ह’ असे लिहिल्यास दहांपैकी आठ वाचकांच्या डोळ्यांपुढे बैल आणि फाळ उभा राहील. आपण विचारणेत ‘जहाजाचा नांगर’ असे म्हटले आहे, तेच सूचीतही प्रत्येक ठिकाणी पाळावे. हा नांगर बर्मिंगहॅमचा. त्या शहराला समुद्र नाही, म्हणून अनुवादक येथे हमखास गोंधळतात आणि ‘बंदराचे चिन्ह’ असे काहीतरी लिहून बसतात. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन शहरांना चांदीची पारख करण्याची स्वतःची कार्यालये मिळाली. तोवर मॅथ्यू बोल्टनसारख्या कारखानदाराला आपला माल चेस्टरपर्यंत पाठवावा लागत असे. या मागणीसाठी लंडनला गेलेली मंडळी ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत भेटत, आणि त्या पाटीवरचा मुकुट शेफील्डने व नांगर बर्मिंगहॅमने घेतला, अशी आख्यायिका सांगितली जाते. चेस्टरचे चिन्ह गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार हे होते. लंडनचे चिन्ह ‘लेपर्ड्स हेड’ म्हणवते. पण त्याचे ‘बिबट्याचे मुख’ करू नये. जुन्या फ्रेंच बिरुदभाषेत, म्हणजे कुलचिन्हांचे वर्णन करण्याच्या भाषेत, समोर तोंड करून पाहणाऱ्या सिंहालाच ‘लेपार’ म्हणत, तेव्हा ते समोरून दिसणारे सिंहमुख आहे. याउलट आपल्या अंगुस्तानावरचा आडवा चालणारा सिंह शहराचा नव्हे; तो हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही देतो.

प्रतिसाद

वरील विवेचन उत्तम आहे. परंतु मूळ अडचण ‘शिक्का’ या एकाच शब्दाने सगळे काम भागवण्यात आहे, असे मला वाटते. चार ठशांमागे चार बोलणारे आहेत, आणि त्यांपैकी एक मालाचा मालक आहे, बाकीचे तीन त्याला तपासणाऱ्याच्या बाजूचे. मराठीत हा भेद दाखवायला दोन चांगले शब्द अगोदरपासून आहेत. ज्याचा माल त्याने स्वतः ओळखीसाठी केलेली ती ‘खूण’, आणि अधिकाऱ्याने पारख करून उठवलेली ती ‘मोहोर’. ‘हॉलमार्क’मधला ‘हॉल’ म्हणजे लंडनच्या सोनार-संघाचे सभागृह. माल तेथे न्यायचा, तेथे त्याचा कस लागायचा आणि उतरला तरच मोहोर उठायची. सिंहमुखाची मोहोर १३०० सालच्या कायद्याने आली, कारागिराची खूण १३६३ मध्ये सक्तीची झाली, वर्षाचे अक्षर १४७८ मध्ये आणि चालता सिंह १५४४ मध्ये आला. एवढ्या अंतराने, वेगवेगळ्या कारणांसाठी आलेल्या गोष्टींना एका शब्दात कोंबल्यावर वाचक गोंधळला, तर त्याचा दोष कसा मानावा?

हे काम करणारा माणूस आपल्याकडेही होता. मराठेशाहीत वसुलाच्या नाण्यांची पारख करणारा तो पोतदार. आज ते आडनाव तेवढे उरले आहे. म्हणून ‘अ‍ॅसे ऑफिस’चे, म्हणजे धातूचा कस पाहणाऱ्या कार्यालयाचे, भाषांतर ‘परीक्षण कार्यालय’ असे केल्यास शाळेच्या परीक्षेचा वास येतो. ‘पारख कार्यालय’ हे मला अधिक बरे वाटते.

प्रतिसाद

‘खूण’ आणि ‘मोहोर’ हा भेद मान्य. परंतु ‘निर्मात्याची खूण’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. ‘एच जी अँड एस’ ही अक्षरे बर्मिंगहॅम आणि लेमिंग्टन येथील हेन्री ग्रिफिथ अँड सन्स या अंगुस्ताने घडवणाऱ्या कारखान्याची आहेत, त्यामुळे येथे शब्द चालून जातो. इतरत्र मात्र ती अक्षरे ज्याने माल पारखीसाठी पाठवला आणि त्याच्या कसाची जबाबदारी घेतली, त्याची असतात. तो घडवणारा असेल, घाऊक व्यापारी असेल किंवा दुकानदारही असेल. म्हणूनच इंग्लंडच्या आजच्या कायद्यात ‘मेकर्स मार्क’ हा शब्द मागे पडून ‘स्पॉन्सर्स मार्क’ आला. त्याचे ‘प्रायोजकाची खूण’ असे भाषांतर केले, तर अंगुस्तानाच्या मध्ये जाहिरात लागणार की काय, असे वाटेल. मी माझ्या टिपणांत ‘नोंदणीदाराची खूण’ असे लिहितो, कारण ही खूण पारख कार्यालयात नोंदवावी लागते. आद्याक्षरे जुळली एवढ्यावरून नाव ठरवू नये. खुणेभोवतीच्या चौकटीचा आकार आणि शहराची मोहोर ही दोन्हीही जुळली पाहिजेत. जुन्या खुणांत ‘जे’ऐवजी ‘आय’ कोरलेला आढळतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘आय टी’ म्हणजे बर्मिंगहॅमचा जोसेफ टेलर असू शकतो, आणि ‘आय’पासून सुरू होणाऱ्या नावाचा शोध घेण्यात दिवस जातो.

‘तारखेचे अक्षर’ हाही शब्द बदलावा. त्यातून तारीख कळत नाही आणि घडवल्याचे वर्षही कळत नाही. पारख कोणत्या वर्षात झाली तेवढेच कळते. ते वर्षही जानेवारीत सुरू होत नसे. लंडनमध्ये अक्षर मे महिन्यात बदले, बर्मिंगहॅममध्ये जुलैत. सर्व कार्यालयांत जानेवारीपासून एकच अक्षर ही पद्धत १९७५ मध्ये आली. आपल्याला यात अवघड काही वाटू नये. शक चैत्रात बदलतो, म्हणून शकाचे इसवी सन करताना कधी ७८ मिळवावे लागतात, कधी ७९. तसेच हे ‘वर्षाक्षर’ दोन इसवी सनांवर पसरलेले असते.

मूळ विचारणाऱ्याकडून

मनःपूर्वक आभार. ‘वर्षाक्षर’ स्वीकारतो. पण या ‘के’वरून वर्ष काढायचे कसे? वर्षाक्षरांच्या तक्त्यात ‘के’ अनेकदा येतो.

प्रतिसाद

येणारच. बर्मिंगहॅममध्ये वर्णमालेचा फेरा १७७३, १७९८, १८२४, १८४९, १८७५, १९००, १९२५ आणि १९५० या वर्षी नव्याने सुरू झाला आणि दर फेऱ्यात लिपीचे वळण व चौकट बदलली. लहान लिपीचे तीन फेरे आहेत, १७९८चा, १८७५चा आणि १९००चा. त्यांपैकी १८७५चा गॉथिक वळणाचा, म्हणून आपण साध्या वळणाचा ‘के’ म्हणत असाल तर तो बाद. उरलेल्या दोहोंत निकाल राजमुखाने लागतो. १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर भरल्याची पावती म्हणून राजाचे वा राणीचे मुख उठवत. ते येथे नाही, मोहोर मात्र पूर्ण आहे. म्हणून १९००चा फेरा धरावा. त्या फेऱ्यात ‘जे’ वगळला आहे, म्हणजे ‘के’ हे दहावे अक्षर आणि वर्ष १९०९. मौज म्हणजे आपल्या भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याचे हॉलमार्किंग सुरू करताना वर्षाक्षराची हीच चाल उचलली; ‘ए’ म्हणजे २०००, आणि २००८ला ‘आय’ वगळून ‘जे’ दिला. २०१७ पासून दागिन्यांवरून वर्षाक्षर गेले, म्हणून त्या मधल्या काळातील बांगडीवर एखादे सुटे अक्षर दिसले, तर तो सोनाराच्या नावाचा भाग समजू नये.

७ हा आकडा मापाचा आहे. त्याचा कसाशी किंवा सालाशी काही संबंध नाही, तेव्हा त्याला मोहरांच्या ओळीत बसवू नका.

प्रतिसाद

एक सावधगिरीची सूचना. सूचीत ‘हॉलमार्क नाही’ या नोंदीपुढे ‘संशयित’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. इंग्लंडच्या जुन्या कायद्याने पाच पेनीवेटहून, म्हणजे सुमारे ७.७८ ग्रॅमहून, हलक्या बऱ्याच वस्तूंना पारखीतून सूट होती. अंगुस्तान सहसा त्याहून हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या कितीतरी अस्सल अंगुस्तानांवर नुसती खूण असते, किंवा तीही नसते. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरने १८८४ मध्ये पेटंट घेतलेले ‘डॉर्कस’ नावाचे अंगुस्तान तर चांदीच्या दोन पत्र्यांत पोलाद बसवून केलेले. सुई आरपार जाऊ नये हा उद्देश. आत पोलाद असल्यामुळे त्याला मोहोर मिळूच शकत नव्हती. त्याच हॉर्नरची निव्वळ चांदीची अंगुस्ताने मात्र चेस्टरच्या मोहरेची आहेत.

उलट दिशेची चूकही होते. अमेरिकेत इंग्लंडसारखी पारख कार्यालयांची देशव्यापी व्यवस्था नव्हती. तेथे ‘स्टर्लिंग’ (९२५ कसाची चांदी) हा शब्द आणि कारखान्याची खूण एवढेच असते, जसे फिलाडेल्फियाच्या सायमन्स ब्रदर्सचे ढालीतले ‘एस’. गोरहॅम कंपनीच्या खुणेत सिंह, नांगर आणि ‘जी’ हे तिन्ही शेजारी शेजारी आहेत. घाईत पाहणारा त्याला बर्मिंगहॅमचे म्हणतो. वास्तविक तो नांगर ऱ्होड आयलंड राज्याच्या चिन्हातला आहे आणि ते तिन्ही ठसे मिळून एका कंपनीची खूण होते. त्यात मोहोर एकही नाही.

मूळ विचारणाऱ्याकडून

भिंगाखाली पुन्हा पाहिले. ‘के’ साध्या वळणाचा आहे. आता नोंद अशी केली आहे : ‘अंगुस्तान, चांदी, माप ७. नोंदणीदाराची खूण : एच जी अँड एस, हेन्री ग्रिफिथ अँड सन्स. मोहरा : जहाजाचा नांगर, बर्मिंगहॅम, चालता सिंह, कस ९२५, वर्षाक्षर के, १९०९.’

प्रतिसाद

‘१९०९–१०’ असे करावे. जुलै विसरलात.