मदत हवी आहे: लेकीच्या ब्रेसेसचा गम हिरडीला बाधतो का?

नमस्कार मंडळी,

लेक चौदाची, नववीत. मागच्या शनिवारी इथेच मुलुंडला तिला वर-खाली दोन्हीकडे ब्रेसेस लावून घेतल्या. दोन दिवस वरणभात आणि कुरकुर, ती होणारच होती. पण आज आठ दिवस झाले, तरी खाली डाव्या सुळ्याच्या मागच्या दाताची हिरडी लालभडक आहे. ब्रश लागला की रक्त. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं, तर दातावर गमाने चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, म्हणजे ब्रॅकेटच्या, कडेला वाळलेल्या फेविकॉलसारखा पांढरा थेंब हिरडीला अगदी टेकलाय. बाकी दातांना असा दिसत नाही.

त्यात नणंदबाई म्हणाल्या, "केमिकल जातंय पोरीच्या पोटात." मग मी रात्री वाचत बसले, तिथेच चुकलं. माणसाच्या हिरडीच्या पेशी म्हणे ताटलीत वाढवतात, त्यांच्यावर हा गम तपासतात आणि किती जगल्या ते मोजतात. बऱ्याच वेळा काही मरतात! गमातल्या केमिकलची बिस-जीएमए, टेगडीएमए, हेमा अशी नावं. (आमच्या चाळीत एक हेमा होती, तीही जहालच होती.)

ब्रॅकेट काढून टाकायला सांगू का? क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "नेक्स्ट अपॉइंटमेंटला बघू." ती महिन्याने आहे.

दातओठ:
ताई, मी दातांचा डॉक्टर आहे, पण ऑर्थोवाला (ब्रेसेस लावणारा) नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. गम लावताना मऊ असतो. निळा दिवा मारला की त्यातले मोनोमर, म्हणजे सुटे रेणू, एकमेकांत गुंफून कडक होतात. पण सगळे गुंफले जात नाहीत. जे मोकळे राहतात ते लाळेत झिरपतात, त्यातले बरेचसे पहिल्या दिवसभरातच. शिवाय हवा लागलेला अगदी वरचा थर ऑक्सिजनमुळे नीट कडक होत नाही, चिकट राहतो, म्हणून तो पुसून घेतलेला बरा. टेगडीएमए आणि हेमाचे रेणू लहान. ते पेशीत शिरतात आणि ग्लुटाथायोन नावाचा तिचा बचावाचा साठा खर्च करतात.

पण ताटलीत लाळ वाहत नाही, रक्त फिरत नाही. अशा तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 10993-5; त्याप्रमाणे तिथे पेशींचा जिवंतपणा 30 टक्क्यांहून जास्त घटला तर पदार्थ पेशींना घातक धरतात. ती पहिली चाळणी झाली, शेवटचा निकाल नव्हे. तोंडात बहुतेक गम ब्रॅकेटखाली दबलेला असतो, लाळेला दिसते ती कडेची बारीक रेघ. तुमच्याकडे रेघेच्या जागी थेंब आहे, दुखणं तिथे आहे. खरखरीत थेंबावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो. आठव्या दिवशी रक्त येतंय ते मला मोनोमरपेक्षा त्या प्लाकचं काम वाटतं.

ब्रॅकेट काढायला नको. जादा गम बारीक बरने (मशीनवर फिरणाऱ्या टोकाने) घासून काढतात, काही मिनिटांचं काम आहे. घरी पिनेने कोरू नका. आणि फोन कशाला करता, थेट जाऊन बसा.

ठाणेलोकल:
लेक जेल नेल्स करते का हो? त्यातही हेमा असतं. माझ्या बहिणीला त्याने बोटांना पुरळ आलं होतं. तशी ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दातओठ:
चांगला मुद्दा. ही ॲलर्जी पेशंटपेक्षा आम्हालाच जास्त छळते. मोनोमर हातमोज्यातूनही आरपार जातो. पण तोंड खाजतंय, ओठ सुजलेत, असं असेल तर गमाबरोबर तारेतल्या निकेलचाही विचार करावा लागतो.

ठाणेलोकल:
दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, ऑर्थोचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जा, डबा बरोबर ठेवा.

धागाकर्ती:
जेल नेल्स नाहीत, शाळेत चालत नाहीत. खाज, सूज काही नाही.

काल शाळा सुटल्यावर थेट क्लिनिकात जाऊन बसलो. डॉक्टरांनी आरशात बघितलं, "अरे, हा राहिलाच की," म्हणाले आणि थेंब घासून टाकला. लेक म्हणते, वरच्या मजल्यावर टाइल कापतात तस्सा आवाज डोक्यात घुमत होता. कडेने फिरवायला बारीक ब्रश दिलाय, दिवसातून दोनदा.

आज सकाळी रक्त आलं, पण थुंकीत नुसती गुलाबी छटा. नणंदबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.