मदत हवी आहे: डोळे कोरडे पडतात, ॲक्युपंक्चर करावं का?

रानजाई:
डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपतं. आठ महिने थेंब घालतेय, काडीचा फरक नाही. एकांनी ॲक्युपंक्चर सुचवलंय. दहा बैठका, पैसे आधी, शनिवारपर्यंत कळवायचंय. कुणाला गुण आलाय का? लवकर सांगा प्लीज.

ओसरी:
वय? कुठले थेंब, किती वेळा? अश्रू किती येतात ते मोजणारी शर्मर टेस्ट झाली का?

रानजाई:
पापणीत कागदाची पट्टी अडकवतात तीच ना? झाली. पाच मिनिटांत पट्टी उजवीकडे फक्त ४, डावीकडे ३ मिमी भिजली. सीएमसीचे थेंब (कृत्रिम अश्रू), दिवसाला आठ-दहा वेळा. वय ४६. पण मी ॲक्युपंक्चरचं विचारतेय.

सोलापूरकर:
मला गुण आला. भुवईच्या आतल्या टोकाशी, कानशिलाजवळ आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात सुया. चौथ्या बैठकीनंतर खुपणं कमी. जरूर करा. आमच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली.

चौकस:
कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. त्यांच्या पथकातले डॉ. बिजयकुमार बसू ती पुढे शिकले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले.
मूळ प्रश्नाबद्दल: २०१२ साली कोरियातली १५० रुग्णांची चाचणी छापून आली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुया आणि थेंब बरोबरीत, उपचार संपल्यावर आठ आठवड्यांनी सुया थोड्या सरस. पण कुणाला काय दिलंय हे रुग्णांना माहीत होतं. त्यात सुईचा गुण किती आणि आशेचा किती?

सोलापूरकर:
आशेने माझे डोळे ओले झाले नाहीत हो.

नंदादीप:
पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली रोज दाबा. एरंडेल चोळून.

चौकस:
ते ॲक्युप्रेशर. वेगळं.

ओसरी:
रानजाई, दिवसाला आठ-दहा वेळा घालत असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागा, नाहीतर त्यानेच चुरचुरतं. तोंड कोरडं पडतं का? सांधे?

रानजाई:
तोंडाचा काय संबंध? पडतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. सकाळी बोटं आखडलेली असतात, कोमट पाण्यात धरल्याशिवाय पीठ मळता येत नाही. कांदा चिरताना तर दोन वर्षांत डोळ्याला पाणी नाही, मला ते बरंच वाटायचं.

ओसरी:
अहो, हे आधी सांगायचं! माझ्या बहिणीचं अगदी असंच सुरू झालं होतं. तिला शोग्रेन निघाला. यात प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. तुम्हाला तोच असेल असं नाही, पण संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवाच. ते रक्तात एएनए, अँटी-रो या शरीरावरच उलटणाऱ्या अँटीबॉडी बघतील. दातही दाखवा, लाळ कमी झाली की कीड झपाट्याने लागते. दहा बैठकांचे पैसे आत्ता भरू नका.

सोलापूरकर:
हे पटलं. नंतर केलंत तर एकेका बैठकीचे द्या. सुया तुमच्यासमोर पाकिटातून फोडायला सांगा. आणि महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा.

रानजाई:
तोंडाचं मला कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारची वेळ घेतली. रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

ओसरी:
या तपासण्यांना गरज नाही. शर्मर टेस्टचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी मात्र न्या.