हायड्रॉलिक लाकूड फोडणी मशीनमध्ये घरच्या घरी बदल: वेग वाढवावा की दाब?

खानापूरचा वखारवाला
आमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात जळणाची बेगमी मे महिन्याच्या आत उरकावी लागते, कारण कणकुंबी-जांबोटीकडून पाऊस एकदा उतरला की उघड्यावरचे लाकूड कितीतरी महिने वाळत नाही. माझ्या वखारीत चार वर्षांपूर्वी स्थानिक कारागिराकडून बांधून घेतलेले आडवे मशीन आहे. त्याचा सिलिंडर 100 मिलिमीटर बोअरचा (आतला व्यास) आणि 600 मिलिमीटर स्ट्रोकचा (सरकण्याची लांबी), मोटार 5 एचपीची, गिअर पंप मिनिटाला 10 लिटर तेल देणारा आणि रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तेल सोडून देणारी झडप, 200 बारला (बार हे दाबाचे एकक) बसवलेला होता. हिशोबाने पाचरीवर 16 टनांचा जोर येतो आणि तो आंबा, काजू, निलगिरी यांना पुरून उरतो.

खरी अडचण वेळेची होती. सिलिंडर पूर्ण बाहेर यायला 28 सेकंद आणि आत जायला 21 सेकंद लागत. ओंडका तर पहिल्या वीतभरातच फुटलेला असे आणि बाकीचा वेळ माणूस नुसता उभा राही. म्हणून मी टू-स्टेज पंप बसवला. दाब साधारण 40 बारच्या खाली असेपर्यंत त्याचे दोन्ही भाग मिळून मिनिटाला 36 लिटर तेल देतात. लाकडाने अडवले की मोठा भाग आपोआप सुटतो आणि लहान भाग 9 लिटर तेल पूर्ण दाबाने देत राहतो. मोटार तीच, वीज जवळपास तितकीच, आणि मऊ लाकडाला जाऊन-येऊन आता 15 सेकंद पुरतात. त्याच वेळी दोन हातांचा, म्हणजे दोन्ही हातांनी दाबला तरच चालणारा, लिव्हर काढून एका हाताचा, आपोआप परत जाणारा व्हॉल्व्ह लावला. माझे मत असे की दाबाला हात न लावता तेलाचा वेग वाढवणे हाच घरी करण्याजोगा बदल आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी कारणासह लिहावे.

उद्यमबागचा फिटर
दादा, पंपाची निवड योग्य आहे, पण केवळ पंप बदलून काम संपत नाही, आणि घरी बदल करण्याला माझा विरोध नेमका याच कारणासाठी आहे. सिलिंडरचा रॉड, म्हणजे आत-बाहेर सरकणारा दांडा, 50 मिलिमीटरचा धरला, तर एका बाजूची जागा तो अडवतो, म्हणून सिलिंडर आत जाताना एका बाजूने 36 लिटर तेल येते तेव्हा दुसऱ्या बाजूने 48 लिटर बाहेर पडते. ते जुन्या अर्धा इंची परतीच्या पाइपातून ढकलले की तेल तापते, पातळ होते आणि सिलांतून (गळती रोखणाऱ्या कड्यांतून) झिरपू लागते. परतीची लाइन एक इंची आणि पंपाकडे जाणारी सव्वा इंची हवी; व्हॉल्व्हही तेवढ्या तेलाचा हवा. पंप किरकिरू लागला आणि टाकीतले तेल ताकासारखे पांढुरके दिसू लागले, तर तो कुठूनतरी हवा ओढतो आहे असे समजावे. दुरुस्तीला येणाऱ्या पंपांत हवा ओढून खराब झालेलेच मला जास्त दिसतात.

चिकोडीकडचा शेतकरी
वखारवाल्यांचे लाकूड मऊ आहे, म्हणून त्यांना दाबाचे महत्त्व वाटत नाही. आमच्याकडे गुऱ्हाळ चिपाडावर चालते हे खरे, पण चिपाड ओले असले की जळण लागतेच, आणि ते बहुतेक बाभळीचे असते. गाठीची वाळलेली बाभूळ 16 टनांना दाद देत नाही. पाचर अर्ध्यात रुतते, मोटार हुंकारते आणि शेवटी घण घेऊन ओंडका सोडवावा लागतो. मी 100चा सिलिंडर काढून 125चा बसवला. 200 बारलाच जोर 25 टनांवर गेला आणि रिलीफ व्हॉल्व्हला हातही लावावा लागला नाही. शेतावर थ्री फेज वीज ठराविक तासच असते; त्या वेळेत काम उरकायचे तर रुतलेला एक ओंडका दहा मऊ ओंडक्यांचा वेळ खातो. तेव्हा वेग की ताकद, हे ज्याच्या त्याच्या लाकडावर ठरावे.

उद्यमबागचा फिटर
अण्णा, आपल्या मशीनचा आय बीम, म्हणजे ज्यावर सिलिंडर आणि पाचर बसतात ती पोलादी तुळई, किती मापाचा आहे? 150 मिलिमीटरचा असेल तर कृपया आजच काम थांबवा. सिलिंडरचा मध्य बीमच्या मध्यापासून किमान 15 सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे 25 टनांचा जोर बीमला नुसता ओढत नाही, तर धनुष्यासारखा वाकवतो. त्या वाकण्याने बीमवर येणारा ताण चौरस सेंटिमीटरला 3,800 किलोच्या पुढे जातो, आणि साधे पोलाद 2,500च्या आसपास कायमचे वाकते. 16 टनांनाही 150चा बीम काठावरच असतो. 200चा असेल तर 16 टनांना तो निवांत पुरतो. बीम वाकण्याआधी बहुधा पाचरीच्या बुडाची वेल्डिंग उकलते. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली, तर ती चीर आहे असेच धरून चाला.

बाभळीसाठी आधी पाचर पाहावी. बोथट, रुंद कोनाची पाचर लाकूड फाडण्याऐवजी चिरडते. पुढचा भाग निमुळता ठेवून मागे रुंदावत नेला, तर त्याच जोरात गाठ उघडते.

खानापूरची कुंभारीण
आमच्या भट्टीला बारीक आणि वाळलेली फाटी लागतात, कारण जाड लाकूड धुमसत राहते आणि ज्योत भट्टीभर लांब पोहोचत नाही. त्यासाठी आम्ही पाचरीवर आडवी पाती असलेली चौफुली टोपी चढवली आणि एका दाबात चार तुकडे मिळू लागले. सरळ निलगिरीवर तिचा उपयोग फार चांगला होतो. आंब्याच्या गाठीवर मात्र ती अडकते, म्हणून ती वेल्ड न करता काढता येईल अशी ठेवावी. ही टोपी गावातल्या वेल्डरनेच बनवली आणि ती उत्तम चालते, तेव्हा घरी काहीच करू नये हे फिटरदादांचे म्हणणे मला पटत नाही.

निपाणीचा गुऱ्हाळवाला
पंप आणि बीमची चर्चा उपयोगाची आहे, पण पहिल्या लेखनातील एका वाक्याकडे कोणीच पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते. दोन हातांचा लिव्हर काढला, असे त्यात सहज लिहिले आहे. आमच्या मशीनचा असाच एक लिव्हर मी स्वतः काढून टाकला होता. दुसऱ्या हंगामात आमच्या गड्याने एका हाताने लिव्हर दाबला आणि निसटणारा ओंडका दुसऱ्या हाताने सावरला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. चूक माझी होती, त्याची नव्हती. आता वखारवाल्यांच्या मशीनची पाचर पूर्वीपेक्षा साडेतीनपट वेगाने येते, म्हणजे हात मागे घ्यायला मिळणारा वेळही तितकाच कमी झाला आहे.

चिकोडीकडचा शेतकरी
मामा, झाले ते फार वाईट झाले. परंतु आमचे ओंडके वेडेवाकडे असतात. दोन्ही हात लिव्हरवर गुंतले तर ओंडका धरणार कोण? दुसरा माणूस धरायला लावला तर बोटे त्याची जातील, आणि लिव्हरवाल्याला ती दिसणारही नाहीत. बीमचे माप मी आज पाहिले, तो 150चाच आहे. 200चा बीम मिळेपर्यंत रिलीफ व्हॉल्व्ह खाली आणतो. त्यासाठी दाब दाखवणारा गेज आधी लावून घ्यावा लागेल, कारण आजवर गेजच नव्हता.

निपाणीचा गुऱ्हाळवाला
ओंडका माणसाने धरूच नये. बीमच्या दोन्ही बाजूंना आतल्या उताराचे पत्रे लावा आणि ढकलणाऱ्या ठोकळ्यावर चार बोथट दात वेल्ड करून घ्या. ओंडका पन्हाळीत बसल्यासारखा स्थिर राहतो. आमच्याकडे अपघातानंतर हा बदल केला, आणि दोन हातांचा लिव्हर पुन्हा बसवूनही दिवसाच्या ट्रॉल्या कमी झाल्या नाहीत. आणखी एक सांगतो. पाइप झिरपतो का, हे हात फिरवून पाहू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून 200 बारचे तेल कातडीखाली घुसते, बाहेरून फक्त टोचल्याची खूण दिसते, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे.

खानापूरचा वखारवाला
मामांचे म्हणणे मला मान्य आहे. एका हाताचा व्हॉल्व्ह लावताना मी फक्त सेकंद मोजले, हे मी कबूल करतो. परत जाताना आपोआप जाणारी सोय ठेवायला हरकत नाही, कारण तेव्हा पाचर हातापासून दूर जाते. पण पुढे येताना दोन्ही हात लिव्हरवर असलेच पाहिजेत, म्हणून दुसरा लिव्हर परत जोडतो आहे. बाजूचे पत्रे 6 मिलिमीटरचे पुरतील की 8चे घ्यावेत? फिटरदादांनी आणि मामांनी आपापले माप कळवावे, म्हणजे रविवारी वेल्डरला बोलावता येईल. परतीची लाइन आजच मोजली. ती अर्धा इंचीच आहे, आणि दोन तास काम झाल्यावर टाकीला हात लावून ठेवता येत नाही.