चर्चा: कादंबरीतल्या पोलीसबाईला दुःख मिळतं, तपास मिळत नाही

रत्नागिरीची वाचक: नुकतीच एक थरारकथा वाचली. मिरकरवाडा बंदरातली, नायिका पोलीस निरीक्षक. तिचं मूल गेलंय, नवरा दारुडा, उशाशी झोपेच्या गोळ्या. संशयित सांगतो, "10 जुलैच्या रात्री मी ट्रॉलरवर मासेमारीला होतो", आणि बाई ते मुकाट लिहून घेतात! 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, हे आमच्याकडे मासळी विकणारी कोणीही सांगेल. लेखकाने सगळी मेहनत तिच्या दुःखावर घेतली, डोक्यावर नाही.

माझी मावशी हवालदार होती. ऐन पावसात जेटीवर पंचनामा लिहायची, कागद भिजू नयेत म्हणून पॅड पोटाशी धरून. बुडालेल्याच्या नाकातोंडाशी फेस आहे का, मुठीत शेवाळ-वाळू आहे का, हे आधी बघायची. जिवंतपणी बुडणारा हाताला लागेल ते घट्ट धरतो. अशी बाई मला पुस्तकात हवी आहे.

देवगडकर: माका ह्या पटणा नाय, ताई. तारखेची चूक लेखकाची. निरीक्षक पुरुष असता तरी झालीच असती. आणि दारू, मोडलेला संसार पुरुष डिटेक्टिव्हांनाही असतो.

रत्नागिरीची वाचक: असतो. पण तो पिऊनही पुरावा वाचतो. हिला खुनी ओळखायला लावतात ते आईच्या काळजाने. फरक तिथे आहे.

कुडाळची सून: तरी घर काढून टाकू नका हो. माझी जाऊ पोलिसांत आहे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असा कायदा, आणि तिच्या ठाण्यात महिला पोलीस मोजून दोघी. रात्री 2 ला फोन येतो, तान्ही पोर सासूबाईंकडे देऊन ती निघते. तिचं घर आणि तपास वेगळे काढायचे कसे?

दापोलीकर: अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधली मिस मार्पल आठवा. तिच्यावरची पहिली कादंबरी 1930 ची. अविवाहित म्हातारी, हातात विणकाम. गावातली माणसं कशी वागतात, एवढ्यावर खुनी पकडते. दुःखाचं गाठोडं लागलंच नाही.

कुडाळची सून: ती हौशी, दादा. तिला नोकरी कुठे होती? रजा मागायला साहेबासमोर उभं राहावं लागलं नाही तिला.

रत्नागिरीची वाचक: कुडाळच्या ताई, हे मात्र पटलं. तान्ही पोर जरूर येऊ दे. फक्त त्या रात्री झडतीत तुमच्या जावेचा हात अंबाड्यापाशी का थांबला, तेही त्याच पानावर येऊ दे.