विषय: शिक्षेतील सूट, बंदुकीचा हक्क आणि आमदारांना पाठवायचे पत्र

प्रेषक: वसंत

कॅलिफोर्नियातील आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

जून २०२४ मध्ये सनीव्हेल येथील, पुण्याशी जुने नाते असलेल्या सराफी दुकानात वीसेक जणांची टोळी शिरली आणि हातोड्यांनी काचा फोडून ऐवज घेऊन गेली. तेव्हापासून आपल्यातील दुकानदारांच्या मनात बसलेली धास्ती काही कमी झालेली नाही. दुकान मीही चालवतो, आणि रात्री हिशेब मिटवून शटर ओढताना मागे कोणी उभे नाही ना, हे पाहिल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ३६ (थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर करून चोरी आणि अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांवरील शिक्षा पुन्हा कडक केल्या. हिंसक गुन्ह्यांतील कैद्यांच्या लवकर सुटकेला मात्र त्याने हात लावलेला नाही.

माझी विनंती अशी आहे की मंडळाने आपल्या भागातील आमदारांना पत्र लिहून शिक्षा सौम्य करणारे कायदे मागे घेण्याची मागणी करावी. त्याचबरोबर ज्या सभासदांना कायद्याने शस्त्र बाळगता येते, त्यांच्यासाठी बंदूक हाताळण्याचा एक प्रशिक्षण वर्ग ठेवावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात निकाल दिल्यापासून, सोबत बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी ‘खास कारण’ दाखवण्याची सक्ती न्यू यॉर्कप्रमाणे आपल्याकडेही उरलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये सॅक्रामेंटोत झालेल्या गोळीबारातील एका आरोपीला बंदूक बाळगण्याची बंदी होतीच. तिचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही, आणि नियम पाळणारा माणूस मात्र अर्ज भरत बसतो.

आपला,
वसंत

प्रेषक: सुधा

वसंतराव, सप्रेम नमस्कार.

आपली धास्ती मी हलकी मानत नाही, आणि पत्र जावे असेच माझेही मत आहे. मात्र ‘शिक्षा सौम्य करणारे कायदे मागे घ्या’ एवढेच लिहिले तर त्या पत्राला पोचही मिळणार नाही, कारण नेमका कोणता नियम बदलायचा हे त्यातून कोणालाच कळणार नाही. आपण सॅक्रामेंटोचा उल्लेख केला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

३ एप्रिल २०२२ च्या पहाटे, बार बंद होण्याच्या वेळी, के स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शंभरहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात सहा जण मरण पावले आणि बारा जण जखमी झाले. घटनास्थळी सापडलेले एक पिस्तूल चोरीचे होते आणि सलग गोळ्या सुटाव्यात म्हणून त्यात फेरफार केलेला होता. आरोपींपैकी एकाला २०१८ मध्ये आपल्या मैत्रिणीला मारहाण केल्याच्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर आला. खटला चालण्यापूर्वीच तुरुंगात त्याचा मृत्यू झाल्याने गोळीबारातील त्याचा दोष सिद्ध झालेला नाही, आणि तो झाला असे आपणही लिहू नये. परंतु तो बाहेर कसा आला, हे कागदोपत्री स्पष्ट आहे, आणि आपल्या पत्राचा विषय तोच असला पाहिजे.

२०२१ मध्ये त्याच्या लवकर सुटकेला सरकारी वकिलांच्या कार्यालयाने लेखी विरोध केला होता आणि पॅरोल मंडळाने ती नाकारलीही होती. पुढच्याच वर्षी तो सुटला, तो पॅरोलवर नव्हे, तर शिक्षेतून वजा होणाऱ्या, साचत गेलेल्या सवलतीच्या दिवसांवर, ज्यांना इथे क्रेडिट म्हणतात. पॅरोलच्या वेळी कोणीतरी माणूस प्रकरण वाचतो आणि निर्णय देतो. क्रेडिट म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी. विरोधाचे पत्र त्या बेरजेत कुठेच मोजले जात नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. मतदारांनी २०१६ मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन ५७ ने ‘अहिंसक’ गुन्ह्यांतील कैद्यांना लवकर पॅरोलची वाट खुली केली आणि क्रेडिट वाढवण्याचा अधिकार तुरुंग विभागाला दिला. हिंसक कोणते, हे फौजदारी संहितेतील कलम ६६७.५ च्या यादीवरून ठरते, आणि जोडीदाराला मारहाण करून जखमी करणे हा गुन्हा त्या यादीत आपोआप बसत नाही. गंभीर शारीरिक इजा वेगळी सिद्ध झाली तरच तो बसतो. म्हणजे एखाद्या स्त्रीला केसांना धरून फरफटत नेणारा, पट्ट्याने मारणारा माणूस या राज्यात सुटकेच्या हिशेबापुरता अहिंसक ठरू शकतो.

बंदुकीचा कायदा त्याच माणसाकडे कसा पाहतो, तेही लक्षात घ्या. १९९६ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार कौटुंबिक हिंसेचा किरकोळ स्वरूपाचा गुन्हा सिद्ध झाला तरी बंदूक बाळगता येत नाही. जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केले की दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला असेल, तर अशा व्यक्तीचे शस्त्र तात्पुरते काढून घेणे घटनेला धरून आहे. ब्रूएनचा निकाल देणाऱ्या न्यायालयाचेच हे मत आहे. शस्त्राच्या प्रश्नावर इतका धोकादायक मानलेला माणूस शिक्षेच्या प्रश्नावर अहिंसक कसा, याचे उत्तर आमदारांनी द्यावे. आपली ही दोन वादांची गाठ तिथेच पडते, आणि बंदुकीच्या हक्काचा कैवार घेणारे व बंदुकीवर निर्बंध मागणारे असे आपल्यातील दोन्ही पक्ष त्या एका मागणीवर सही करू शकतील.

कायदा असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर मी जवळून पाहिले आहे. मराठी-हिंदी बोलणाऱ्या स्त्रियांना धीर द्यायला मी न्यायालयात सोबत जाते. संरक्षणाचा आदेश हाती पडल्यावर समोरच्याने चोवीस तासांत आपली बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि अठ्ठेचाळीस तासांत तिची पावती न्यायालयात द्यायची, असा नियम आहे. एका काउंटीत सुनावणीच्या दिवशी अशाच एका बाईंनी मला हळूच विचारले, “ताई, ती पावती आली का हो?” कारकुनाने फाईल दोनदा चाळली. पावती नव्हती, आणि ती का नाही हे विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या खोलीतील कोणालाही सांगता आले नाही. पुढची तारीख पडली. त्या बाई त्या रात्री स्वतःच्या घरी गेल्या नाहीत, मैत्रिणीकडे राहिल्या. राज्याकडे अशा लोकांची एक यादीच असते, ज्यांच्या नावावर बंदूक नोंदलेली आहे पण ती बाळगण्याचा हक्क गेलेला आहे. त्या यादीत वीस हजारांहून अधिक नावे प्रलंबित राहिलेली आहेत. त्यामुळे गुन्हेगार नियम पाळत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य असले, तरी नियम पाळून घेणारेच जागेवर नसतात, ही गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते.

प्रशिक्षण वर्गाबद्दल एक सावधगिरीची सूचना. आपल्या मंडळात एच-वन-बी व्हिसावरील सभासद बरेच आहेत. अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि सरावासाठी हातात घेतलेली बंदूकही त्यात येऊ शकते. ग्रीन कार्ड असलेल्यांना बंदूक घेता येते, परंतु शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारीची वेळ येऊ शकते. वर्ग ठेवायचाच असेल तर ही माहिती निमंत्रणातच ठळकपणे छापावी.

आपली,
सुधा

प्रेषक: निनाद

वसंतकाका आणि सुधाताई, नमस्कार.

सुधाताईंचा हिंसक गुन्ह्यांच्या यादीबद्दलचा मुद्दा मला पटतो. तरीही शिक्षेत सूट देणारे कायदे आले कुठून, हे पत्र लिहिणाऱ्यांनी विसरू नये. या राज्यातील तुरुंगांत एके काळी क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट कैदी कोंबलेले होते, व्यायामशाळांत तीन मजली खाटा टाकल्या होत्या, आणि आजारी कैद्यांना वेळेवर उपचार मिळत नव्हते. २०११ मध्ये ब्राउन विरुद्ध प्लाटा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. १९७६ मध्ये ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा ज्या गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या सहीने झाला, त्यांनीच चाळीस वर्षांनी प्रपोझिशन ५७ साठी मोहीम चालवली, याला ही पार्श्वभूमी होती. बंदूक वापरल्याबद्दल दहा, वीस वर्षे किंवा जन्मठेप जोडणारा १९९७ चा कायदाही असाच आंधळेपणाने लागू होत असे. ती वाढीव शिक्षा वगळण्याचा अधिकार न्यायाधीशांना २०१८ पासून मिळाला, आणि तो परत काढून घ्या असे आपण लिहू नये, असे मला मनापासून वाटते. एकोणीस वर्षांच्या मुलाने कोणालाही न दुखावता दाखवलेले पिस्तूल आणि ठरवून झाडलेली गोळी यांत फरक करणारा कोणीतरी माणूस खुर्चीवर असायला हवा.

शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याची खात्री गुन्ह्याला अधिक रोखते, हा गुन्हेशास्त्रातील बऱ्यापैकी पक्का निष्कर्ष आहे, आणि या देशात २०२१-२२ च्या सुमारास जवळजवळ निम्म्या खुनांचा छडाच लागला नाही. वसंतकाका, आपल्या वर्गाबद्दलही एक सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. दुकानासाठी घेतलेली बंदूक रात्री घरी येते, आणि घरात शाळेत जाणारी मुले असतात. वर्गात नेम शिकवण्याआधी तिजोरी आणि कुलूप शिकवावे.

निनाद

प्रेषक: वसंत

निनाद, तिजोरीचे मान्य आहे, आणि व्हिसाची बाब मला ठाऊक नव्हती, ती निमंत्रणात नक्की छापू. परंतु छडा लागत नाही म्हणून सापडलेल्यालाही लवकर सोडायचे, हे मला पटणारे नाही. जो सापडला आहे, ज्याच्यावर दोष सिद्ध झाला आहे, त्याची शिक्षा न्यायाधीशाने सुनावली तेवढी तरी असावी. सुधाताईंनी मसुदा करावा, मी दुकानदारांच्या सह्या गोळा करतो.

प्रेषक: सुधा

वसंतराव, निनाद, नमस्कार.

निनादने सांगितलेल्या तुरुंगांच्या स्थितीविषयी वाद नाही. परंतु १ मे २०२१ पासून तुरुंग विभागाने केवळ नियम बदलून हिंसक गुन्ह्यांतील कैद्यांचीही सदवर्तनाची सूट २० टक्क्यांवरून ३३.३ टक्क्यांवर नेली. विधिमंडळात त्यावर मतदान झाले नाही. गर्दी कमी करायची तर ती ज्यांच्यापासून कोणाला धोका नाही अशांपासून करावी. शिवाय २०२० मध्ये प्रपोझिशन २० द्वारे कौटुंबिक हिंसेसह अनेक गुन्ह्यांना लवकर पॅरोलमधून वगळण्याचा प्रस्ताव आला होता, पण त्याच कागदावर किरकोळ चोरीच्या शिक्षाही वाढवल्या होत्या आणि मतदारांनी तो सगळाच फेटाळला. दुकानातील चोरी आणि घरातील मारहाण एका पत्रात बांधण्याची तीच चूक आपण करू नये.

म्हणून मसुद्यात तीनच गोष्टी ठेवल्या आहेत. जोडीदाराला जखमी करण्याचा फेलनी (म्हणजे गंभीर) स्वरूपाचा गुन्हा हिंसक गुन्ह्यांच्या यादीत घालावा. पॅरोल मंडळाने धोकादायक म्हणून सुटका नाकारलेल्या कैद्याला क्रेडिटच्या आधारे सोडण्यापूर्वी त्याच मंडळाने प्रकरण पुन्हा पाहावे आणि पीडितेचे म्हणणे ऐकावे. संरक्षणाच्या आदेशानंतर बंदुकीची पावती आली नाही, तर तिसऱ्या दिवशी शेरिफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) कार्यालयाने घरी जावे. न्यायाधीशांचा वाढीव शिक्षा वगळण्याचा अधिकार मी मसुद्याबाहेर ठेवला आहे, आणि त्याबद्दल वसंतरावांची नाराजी मला समजते.

आपले मंडळ करमुक्त संस्था असल्याने कोणत्याही उमेदवाराचे नाव पत्रात येता कामा नये. कायद्याविषयी मर्यादित प्रमाणात मत मांडता येते. पत्राची प्रत तुरुंग विभागाच्या नियम शाखेलाही जाईल, कारण सूट तिथे ठरते. दुरुस्त्या रविवारी रात्रीपर्यंत मला कळवाव्यात, म्हणजे सोमवारी कार्यकारिणीपुढे मसुदा ठेवता येईल.

आपली,
सुधा