प्रतिसाद: आधी तारखा टाका, रंग नंतर

भाऊ, ‘कपाशीवरची माझी साइट पाहा आणि काय सुधारू ते सांगा’ असं तुम्ही विचारलंत. वरचे बरेच प्रतिसाद रंगांवरच आहेत. मला काळजी वाटते ती फवारणीच्या लेखांची, कारण त्यांच्यावर तारीखच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. म्हणून औषधाचं प्रमाण दिलं की ते कोणत्या हंगामाचं आणि कुठून घेतलं, हे तिथंच दिसलं पाहिजे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस असेल तर तसं लिहा, स्वतःचा अनुभव असेल तर तसं. हातमोजे, मास्क यांचं एक वाक्यही प्रमाणाच्या शेजारीच हवं.

गुलाबी बोंडअळीचा लेख फार मोलाचा आहे. पण कामगंध सापळ्यात (मादीसारख्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून घेणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करायचा, ही मुख्य गोष्ट पार तळाशी गेली आहे. ती पहिल्या ओळीत आणा.

फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा. वावरात रेंज जेमतेम, पान उघडतच नाही. रुंदी बाराशे पिक्सेल केली तर दोन-तीनशे केबीत भागेल आणि अळी ओळखूही येईल.

जुने लेख युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात, नाहीत, त्यामुळे गूगलवर सापडत नाहीत. ते मला पाठवा, मी रूपांतर करून देतो.