मीटर रूममधली करडी मांजरी आणि शुक्रवारचा पिंजरा

सी-२०३: नमस्कार. मीटर रूममधल्या करड्या मांजरीची पिल्ले दोन महिन्यांची झाली असून आता स्वतः खाऊ लागली आहेत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिला पिंजऱ्यात घेऊन शनिवारी सकाळी नसबंदीसाठी नेण्याचे पशुवैद्यकांशी ठरले आहे. त्यासाठी गुरुवारी रात्रीनंतर तिला कोणीही खायला घालू नये, ही सर्वांना विनंती. ही बाई चार मजल्यांवर चार नावांनी जेवते. एका घरी जरी वाटी मिळाली, तरी ती पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

ए-१०१: एवढा खटाटोप कशाला? माझ्या स्कूटरचे सीट तिने दोनदा फाडले आहे. पोत्यात घालून मंडईपाशी सोडून द्यावी, म्हणजे प्रश्न मिटेल.

सी-२०३: काका, सीटचे नुकसान झाले हे खरेच आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या बोक्याला आपण असेच लांब सोडले होते आणि दिवाळीच्या आत त्याच्या जागी दोन नवे बोके आले, कारण कचऱ्याचे डबे आणि मीटर रूमची ऊब जागच्या जागीच होती. शिवाय प्राणी उपाशी राहील अशा ठिकाणी त्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मांजरी जेमतेम नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे आता दिरंगाई केली तर पावसाळ्यात पुन्हा गाड्यांच्या बॉनेटमध्ये पिल्ले सापडतील.

बी-४०२: ती माझ्या पायाशी येऊन बसते. मीच तिला उचलून पिशवीत घातले तर पिंजरा लागणारच नाही, असे वाटते.

सी-२०३: ताई, कृपया तसे करू नका. पायाशी बसणारी मांजरीसुद्धा कोंडले की अंगावर येते, आणि एकदा फसवली गेली की महिनाभर जवळ फिरकत नाही. गेले आठ दिवस मी पिंजऱ्याचे दार दोरीने उघडे बांधून आत जुनी वर्तमानपत्रे अंथरली आहेत आणि तिची वाटी रोज वीतभर आत सरकवतो आहे. कालपासून ती अगदी मागच्या जाळीपाशी निवांत बसून खाते. शुक्रवारी दोरी सोडू आणि चिमूटभर भाजलेली सुकट ठेवू, जास्त नाही, कारण भूल देण्यापूर्वी पोट रिकामे हवे. दार पडताच पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की ती धडका मारणे थांबवते. भूल उतरण्यापूर्वी डॉक्टर डाव्या कानाचे टोक किंचित कापतील, म्हणजे पुढे कोणी तिला चुकून पुन्हा पकडणार नाही. कोणाला ओरखडा किंवा चावा बसलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजच्या लसीसाठी जावे.

बी-४०२: ठीक आहे. सकाळचे दूधही बंद ठेवते.

सी-२०३: दूध कायमचेच बंद केलेत तरी चालेल, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. पिल्लांपैकी एखादे घरी घ्यायचे असेल, तर मात्र याच आठवड्यात हाताळायला सुरुवात करावी, कारण वय वाढेल तशी ती बुजरी होतात.

ए-१०१: पिंजरा माझ्या पार्किंगमध्ये ठेवावा, तेथे रात्री वर्दळ नसते. चादर माझ्याकडे आहे. ती परत करण्याची गरज नाही.